एचबीएवनसीच्या रिपोर्टसोबत ग्राफ का मिळत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाच्या आगेमागे आपल्या जिल्हा पानावर तपासणी शिबिरांच्या बातम्या येतात. ‘तीन महिन्यांची साखर मोफत’ (म्हणजे रक्ताची एचबीएवनसी तपासणी) असा फलक, खाली टेबल, बाकावर रांगेने बसलेली माणसं. यंदा अशाच एका बातमीत एक वाक्य वाचलं आणि तिथेच अडकले: तपासलेल्या आदिवासी बांधवांपैकी बहुतेकांची साखर नॉर्मल आढळली. शिबिर भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही. डोंगरात टेबल-खुर्च्या, मशीन घेऊन जाणं किती कष्टाचं असतं ते मी पाहिलं आहे. पण ती ‘नॉर्मल’ साखर कोणत्या तपासणीवरून ठरवली, हे बातमीत नव्हतं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी शहाद्यात एकवीस वर्षं लॅब टेक्निशियनचं काम करते. सकाळी साडेसातला शटर वर गेलं की उपाशीपोटी आलेली माणसं ओट्यावर बसलेली असतात. प्रकाशा, म्हसावद, मंदाण्याकडचे लवकर पोहोचतात. धडगावकडून जीपने येणाऱ्यांना नऊ-साडेनऊ होतात, आणि तेवढ्यात वाटेत चहा घेतलेला असतो. मग त्यांची फास्टिंग कसली घेणार? तरी घ्यावी लागते, कारण परतीची जीप चुकवून चालत नाही. रिपोर्टवर मी तशी नोंद करते.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात असाच धडगावकडच्या एका पाड्यावरचा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आला. सोबत आश्रमशाळेत दहावीला असलेली मुलगी होती, कारण त्याला पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोलीच येत होती आणि मला ती मोडकीतोडकीच येते. डाव्या पायाला जखम, साडेतीन महिने भरत नव्हती. फडकं सोडलं तेव्हा अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं काळसर पडलेली होती. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि साखर लिहून दिली होती. मुलगी म्हणाली, “ताई, बाबाला शुगर नाही. शिबिरात मशीनवर तपासली होती.” तिने घडी घातलेला कागद काढून दाखवला. एचबीएवनसी ५.३. त्या आकड्याखाली कुणीतरी पेनाने ‘नॉर्मल’ लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

त्याची उपाशीपोटीची साखर १७६ आली. जेवणानंतरची २८४. माझीच काही गफलत झाली असेल म्हणून उरलेल्या प्लाझ्मावर पुन्हा लावली, तर २८१. आता ५.३ एचबीएवनसी म्हणजे सरासरी साखर साधारण १०५ धरतात. १०५ कुठे आणि २८१ कुठे! एकाच माणसाचे हे दोन आकडे शेजारी शेजारी बसेनात.

मुलीच्या दप्तरातून तो कागद निघाला तेव्हा त्याच्याबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक कार्डही बाहेर आलं होतं. सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचं. शाळेत तपासणी झाली होती, ती वाहक निघाली होती, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला, स्वतःला आजार नाही. मी सहज विचारलं, “भाऊ आहे का?” म्हणाली, “आहे, लहान. त्याचंही कार्ड आहे, असंच.” दोन्ही लेकरं वाहक. आई किंवा वडील सिकलसेलग्रस्त असतील तर प्रत्येक मूल निदान वाहक तरी असतंच, हे आमच्या शिक्षणातलं पहिल्या वर्षाचं गणित. मी त्याच्या रक्ताची काच केली, रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली धरली. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी शोधाव्या लागल्या नाहीत. हिमोग्लोबिन ८.९. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी लावली तर नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या, म्हणजे रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन होतं. डॉक्टरांनी रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीला पाठवलं. उत्तर आलं ‘एसएस’, म्हणजे पूर्ण सिकलसेलग्रस्त. अंग दुखणं, मधूनमधून ताप, पिवळे डोळे, हे सगळं तो आयुष्यभर सोसत आला होता. आपल्याकडचा सिकलसेल काही जणांत सौम्य असतो, माणूस पन्नाशी गाठतो आणि त्याला पत्ताही नसतो.

ती दोन बोटं काढावी लागली. साखर वेळेवर कळली असती तर वाचली असती का, हे मी सांगू शकत नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण साडेतीन महिने तो माणूस ‘मला साखर नाही’ या भरवशावर जखमेला झाडपाला बांधत राहिला, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. हा भरवसा त्याला एका छापील आकड्याने दिला होता.

ही तपासणी करते काय, ते थोडं सांगते, कारण लोक तिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात आणि त्या नावातच फसगत आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. जितकी साखर जास्त आणि पेशी जितके दिवस त्या साखरेत, तितकं चिकटणं जास्त. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा तीन महिन्यांचा हिशेब. सिकलसेलग्रस्ताची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. बरणीतल्या मिठात कैरीची फोड तीन महिने राहिली तर आतपर्यंत खारट होते. तीच पंधराव्या दिवशी काढून चाखली तर कमी खारट लागणार. म्हणून बरणीत मीठ कमी आहे असं कुणी म्हणेल का? या माणसाच्या बाबतीत मशीनने नेमकं तेच म्हटलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती तर अगदी मुळातली. एचबीएवनसी या नावातलं ‘ए’ म्हणजे हिमोग्लोबिन ए, प्रौढ माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन. ‘एसएस’ माणसाच्या रक्तात ते नसतंच, त्याच्या जागी ‘एस’ असतं. जे हिमोग्लोबिन नाही, त्याचं एवनसी कुठून येणार? त्याला नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर जे काही ‘ए’ सापडेल ते रक्तदात्याचं. तरीही पुष्कळ मशीन काही ना काही आकडा छापतातच. कोरी जागा सोडायची त्यांना सवय नाही.

माझ्या लॅबमध्ये एचबीएवनसीचं मशीन नाही. तालुक्याच्या बहुतेक छोट्या लॅबप्रमाणे आम्हीही जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर येतो. त्या लॅबमध्ये एचपीएलसी मशीन असतं. ते प्रत्येक नमुन्याचा ग्राफ काढतं, त्यात हिमोग्लोबिनच्या प्रत्येक प्रकाराचा वेगळा पीक, म्हणजे उंचवटा दिसतो. ‘एस’ असेल तर त्याचा पीक ठरलेल्या जागी उभा राहतो. शिकाऊ टेक्निशियनलाही तो ओळखता येतो. पण आमच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त आकडा, शेजारी नॉर्मल-अबनॉर्मलचा तक्ता आणि खाली आहाराचे चार सल्ले. ग्राफ तिकडेच राहतो. त्या घटनेनंतर मी आमच्या नमुन्यांचे ग्राफ हट्टाने मागवू लागले. सुरुवातीला “कशाला पाहिजेत?” असं विचारलं गेलं, आता पाठवतात. त्यातल्या कितीतरी ग्राफवर ‘एस’चा पीक स्पष्ट होता आणि रिपोर्टवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याआधीची अठरा वर्षं असे रिपोर्ट माझ्याच टेबलावरून लोकांच्या हातात गेले. त्यातले किती चुकीचे असतील हा विचार रात्री झोपू देत नाही.

या तपासणीचा जन्म कसा झाला ते वाचल्यावर तर मला फारच वाईट वाटलं. १९६८ मध्ये तेहरानला सॅम्युएल रहबर नावाचे संशोधक हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधण्यासाठी रुग्णांचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसवर लावत होते. त्यात त्यांना एक अनोळखी पट्टा दिसला, आणि तो ज्यांच्या रक्तात होता ते मधुमेही निघाले. तोच पुढे एचबीएवनसी म्हणून ओळखला गेला. म्हणजे हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधता शोधताच ही तपासणी हाती लागली. आज तीच तपासणी आपण वेगळ्या हिमोग्लोबिनच्या माणसांवर करतो आणि हिमोग्लोबिनकडे बघतसुद्धा नाही.

माझं म्हणणं कुणी उलटं घेऊ नये. एचबीएवनसी वाईट तपासणी आहे असं मी म्हणत नाही. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला. एचबीएवनसी ९ च्या आसपास ठेवणाऱ्यांपेक्षा ७ च्या आसपास ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्याच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. हे लहान काम नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या टाइप-२ मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. २०२२ मध्ये छापलेल्या ग्रेड अभ्यासात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीच्या जोडीला कोणतं औषध चांगलं, याची पाच हजारांवर रुग्णांमध्ये तुलना केली. तिथेही यशापयश ठरलं ते एचबीएवनसी ७ च्या आत राहिलं की नाही यावर. आज डॉक्टर जी गोळी लिहितात, जो डोस वाढवतात, त्यामागे हे सगळं संशोधन आहे आणि त्या सगळ्याची फूटपट्टी एकच. फूटपट्टी इतकी महत्त्वाची आहे म्हणूनच ती आमच्या लोकांच्या रक्तावर बरोबर चालते की नाही, हे बघायला नको का?

रिपोर्टवर एचबीएवनसीच्या खाली ‘अंदाजे सरासरी साखर’ म्हणून एक ओळ असते. ती २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासातून निघालेल्या सूत्रावरून येते. त्या अभ्यासात रक्तक्षय असलेले आणि पेशी लवकर फुटणारे लोक आधीच वगळले होते. संशोधकांनी ते योग्यच केलं, त्यांना सूत्र शुद्ध हवं होतं. पण जे त्यात नव्हते, त्यांच्या रिपोर्टवरही आपण तीच ओळ बिनदिक्कत छापतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी एचबीएवनसी ६.५ ही मर्यादा मान्य केली, तीही या अटीवर की मोजमाप चुकवणारी अशी कोणतीही स्थिती त्या माणसात नसावी. मर्यादेचा आकडा आमच्या गावापर्यंत आला, अट वाटेतच राहिली.

वाहकांनी मात्र घाबरू नये. सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्यांच्या पेशी बऱ्याच अंशी नेहमीसारख्या जगतात. अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांवरचा अभ्यास २०१७ मध्ये छापला गेला. त्यात तेवढीच साखर असताना वाहकांची एचबीएवनसी इतरांपेक्षा सुमारे ०.३ ने कमी आली, ५.७२ विरुद्ध ६.०१. ०.३ ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याची ६.६ यायची त्याची ६.३ आली तर तो मधुमेहाच्या यादीतून बाहेर पडतो. शिवाय तो आकडा त्यांच्या लोकांचा आहे. भारतातला सिकलसेलचा जनुक मुळातच वेगळ्या धाटणीचा, अरब-भारतीय म्हणतात तो. आमच्या पावरा, भिल्ल वाहकांमध्ये फरक ०.३ चा पडतो की कमी-जास्त, ते इथल्याच लोकांचं रक्त तपासल्याशिवाय कसं कळणार?

आता सरकारी बाजू. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं. फार चांगलं काम आहे ते. त्यात आदिवासी भागातल्या ० ते ४० वर्षं वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. दुसरीकडे असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्यांची साखर आणि रक्तदाब आशाताई आणि उपकेंद्रामार्फत तपासतात. या दोन्हींच्या मधोमध कोण पडलं बघा. चाळिशीपुढचा माणूस. साखर तपासली जाते, पण सिकलसेलची तपासणी त्याच्या वयाला लागू नाही. माझ्याकडे आलेला माणूस नेमका त्यातलाच. मुलीकडे कार्ड, मुलाकडे कार्ड, बापाकडे नाही. लेकरांची कार्डं बघून बापाला बोलवा, एवढी एक ओळ सूचनेत वाढवली तरी पुष्कळ माणसं सापडतील, त्यासाठी नवं अभियान लागत नाही.

उलट्या बाजूची चूकही होते, ती बायकांच्या बाबतीत. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत निघालं. शहाद्यातल्याच एका बाईंची एचबीएवनसी ६.६ आली, घरात रडारड. हिमोग्लोबिन ७.८ होतं, उपाशीपोटीची साखर ९२. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर पाच महिन्यांनी तीच तपासणी ५.७ आली. तोवर त्यांनी भाकरी अर्धी केली होती आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरच्या पंगतीत पुरणपोळीला हात लावला नव्हता.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. आपल्या जिल्ह्यातून नमुने घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या लॅबने एचबीएवनसीच्या रिपोर्टबरोबर ग्राफ द्यावा. वेगळा पीक दिसला तर ‘हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार दिसतो, एचबीएवनसीवर अवलंबून राहू नये, साखर थेट तपासावी’ असं मराठीत, आकड्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापावं. मशीनकडे ही माहिती असतेच, फक्त कागदावर यायची आहे. शिबिरात टेबलावर बसलेल्याने बोट टोचण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड आहे का, आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं आहे का? त्याला अर्धा मिनिट लागतो.

आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर मोडीत काढू नये. माझ्याकडे ती दोन्ही मिळून शंभराच्या आसपास होते, एचबीएवनसीला चारशेच्या पुढे पडतात. स्वस्त म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. रक्त घ्यावं मात्र राखाडी झाकणाच्या फ्लोराईड बल्बमध्ये. साध्या बल्बमध्ये पेशी साखर खात राहतात, ती तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते. धडगावहून जीपमधून नमुना शहाद्याला येईपर्यंत किती उतरेल याचा हिशेब करा, आणि वरून मे महिन्याचं ऊन. ग्लुकोमीटरवाल्यांनीही लक्षात ठेवावं की हिमोग्लोबिन फार कमी असेल तर पट्टी साखर जास्त दाखवते. माणूस पांढराफटक दिसला तर लॅबमध्येच पाठवावं. एका दिवसापुरता नाही, काही आठवड्यांचा अंदाज हवाच असेल तर फ्रुक्टोसामाईन ही दुसरी तपासणी आहे. ती हिमोग्लोबिनवर नाही, रक्तातल्या प्रथिनांवर चालते आणि दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. आमच्या भागात ती कुणी लिहीत नाही, त्यामुळे कुणी ठेवतही नाही.

शेवटची मागणी संशोधनाची. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्यात जुनं आहे, जळगावातही आहे. हाताशी विद्यार्थी आहेत, रुग्ण आहेत. सिकलसेलग्रस्त, वाहक आणि दोन्ही नसलेले असे तीन गट घ्यावेत. प्रत्येकाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची साखर, सोबत एचबीएवनसी, फ्रुक्टोसामाईन आणि हिमोग्लोबिन. औषध द्यायचं नाही, कुणाला धोका नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात आधी नोंद करावी, म्हणजे निकाल कसाही आला तरी तो दडपला जाणार नाही. संमतीपत्र पावरी आणि भिल्लीत वाचून दाखवावं, आणि ते वाचणारी व्यक्ती पाड्यावरची असावी. अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. आमचे लोक रक्त द्यायला कचरतात ते अडाणी आहेत म्हणून नाही. आजवर रक्त नेलेल्यांपैकी उत्तर घेऊन परत आलेले फार थोडे, म्हणून. या अभ्यासाने प्रत्येकाला त्याचा रिपोर्ट घरी पोहोचवलाच पाहिजे.

तो माणूस अजून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो. चहा न पिता येतो. गेल्या वेळी फास्टिंग १२४ होती. मुलगी आता नंदुरबारला नर्सिंग शिकते, त्यामुळे तो एकटाच येतो आणि आम्ही दोघं हातवाऱ्यांनी बोलतो. परवा त्याने बाजारातून आणलेलं पाव किलो मेथीदाण्याचं पुडकं दाखवून विचारलं, हे चालेल का? मी म्हटलं, भाजीत चालेल, पण गोळी सोडायची नाही.

कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयाने असा अभ्यास हाती घेतला तर गेल्या तीन वर्षांत जमवलेले ग्राफ, नावं झाकून, मी स्वतः घेऊन यायला तयार आहे. रुग्णाची ओळख जपावी म्हणून इथे माझं नाव देत नाही, आपल्या कार्यालयाकडे ते दिलेलं आहे.

आपली वाचक,
एक लॅब टेक्निशियन, शहादा, जि. नंदुरबार